दोरीवरचा मऊ सदरा

कपड्यांच्या बाबतीत मी हट्टी आहे. पूर्ण बाह्यांचा, बिनकॉलरचा, पुढून बटणांचा सुती सदरा आणि खाली सैल सलवार, एवढंच मी घालते. लग्न असो, बारसं असो, शाळेतली पालकसभा असो. नात्यातल्या बायका विचारतात, हे कुठून शोधून काढलंस? मी काहीतरी थट्टेचं उत्तर देते, कारण खरं उत्तर हळदीकुंकवाच्या घोळक्यात द्यायचं नाही. खरं म्हणजे मी हे आवडीनं निवडलं नाही, भीतीनं निवडलं.

लग्न होईपर्यंत माझे कपडे आई ठरवायची. माहेर यवतमाळचं, नोकरदारांचं. वडील कचेरीत होते आणि त्यांच्याआधी आजोबाही. आमच्याकडे कपड्याची एकच परीक्षा व्हायची, ती म्हणजे इस्त्री. कापड टोचतंय का, काखेत काचतंय का, मे महिन्याच्या उन्हात त्यात जीव गुदमरतोय का, हे कुणी विचारत नसे. कॉलेजला जाताना ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना लावलेल्या असायच्या. मागून कुणी हाक मारली तर मला नुसती मान वळवता यायची नाही, अख्खी मी वळायची. मैत्रिणी हसायच्या. मला आईचा राग यायचा आणि पिना काढायची हिंमत व्हायची नाही. लोक काय म्हणतील याची धास्ती आमच्या घरात मीठमिरचीइतकी रोजची होती.

फुलसावंगीला सासरी आले तेव्हा धास्ती तीच राहिली, फक्त कापड बदललं. सासरी कपाशी आणि थोडं सोयाबीन. घरात तीनच माणसं, नवरा, सासूबाई आणि मी. नवरा शिकलेला होता, पण शेती सोडायचं त्याच्या मनात कधी आलं नाही. सासूबाई कडक नव्हत्या. तरी गाव मोठं, घर रस्त्याला लागून, त्यामुळे साडी आणि डोक्यावर पदर हे ठरलेलंच. आईनं मला दिलेल्या साड्या सगळ्या सिंथेटिक, कारण त्या चुरगळत नाहीत. उन्हाळ्यात त्या अंगाला चिकटून बसायच्या. पाठभर घामोळं उठायचं. पदराला जाळ लागेल या भीतीनं मी अर्धा स्वयंपाक एका हातानं करायची आणि भाकरी वाकडी झाली की स्वतःवरच चिडायची.

लग्न झालं त्या वर्षी दिवाळीनंतर मी पहिल्यांदा वेचणीला शेतात गेले. कापूस वेचायला बंजारा तांड्यावरच्या बाया यायच्या. आपसात गोरबोलीत बोलायच्या, माझ्याशी वऱ्हाडीत. प्रत्येकीनं साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवला होता आणि बटणं गळ्यापर्यंत लावली होती. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी हात ओरबाडू नयेत म्हणून. त्या वाकत होत्या, उठत होत्या, कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस टाकत होत्या आणि पदराकडे एकीचंही लक्ष नव्हतं. मी मात्र एका हातानं बोंड आणि दुसऱ्या हातानं पदर धरून उभी. मला त्यांचा खरोखर हेवा वाटला. घरी येऊन मी सासूबाईंकडे एक जुना सदरा मागितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या की घरच्या सुनेनं मजुरासारखं दिसू नये. विषय तिथंच संपला.

तसा सदरा माझ्या अंगात आला पुढच्या श्रावणात. मला तिसरा महिना लागला होता. सासूबाई दुपारी निंदणाला, तण काढायला जायच्या, नवरा सकाळपासून शेतात असायचा. घरी मी एकटी, पोटात मळमळ, अंगावर ती चिकट साडी. एका दुपारी मागच्या अंगणात कपडे काढायला गेले तर दोरीच्या पार टोकाला एक सदरा वाळत होता. पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघा, कॉलर विरलेली, कोपराला ठिगळ. हातात घेतला तर इतका मऊ की मुठीत काही आहे असं वाटेना. नवऱ्याचा शेतात घालायचा सदरा असेल, एवढंच माझ्या मनात आलं. मी मागचं दार लावलं, साडी सोडली आणि परकरावर तो सदरा घातला.

लग्नानंतर पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही. मी फरशीवर आडवी झाले आणि गाढ झोपले. उठून केर काढला, डाळ निवडली, खिडकीशी बसून चहा प्यायले, आणि या सगळ्यात मी कशी दिसते हा विचार एकदाही डोक्यात आला नाही. सासूबाई यायच्या आत सदरा दोरीवर होता तिथं गेला आणि मी साडीत.

मग ती माझी रोजची चोरी झाली. मधूनच एखाद्या दिवशी सदरा दोरीवर नसायचा, एकदोन दिवसांनी पुन्हा धुतलेला दिसायचा, आणि मला उगीच बरं वाटायचं. धुऊनही त्याला एक वास राहिलेला असायचा, जरा गोडसर, जरा उग्र. पण मला तेव्हा कशाचाही वास यायचा. फोडणीचा, गोठ्याचा, नवऱ्याच्या डोक्याच्या तेलाचा. त्यातलाच हा एक. उलट्या होत होत्या, दुपारी घाम फुटून डोकं गरगरायचं, तोंडात सारखं पाणी यायचं. सासूबाई खूश होत्या. पहिल्या खेपेला असंच होतं, त्या शेजारणींना सांगायच्या, आणि जितक्या उलट्या जास्त तितकं लेकरू गुटगुटीत असा त्यांचा हिशोब होता. मीही त्यावर विश्वास ठेवला. न ठेवायला काही कारणच नव्हतं.

त्या वर्षी कपाशी माणसापेक्षा उंच वाढली होती. अळी आटोक्यात येत नव्हती, म्हणून फवारणीवर फवारणी चालली होती. उंच पिकात पंप घेऊन शिरलं की औषध डोक्यावरून अंगावर यायचं. तेव्हा जिल्हाभरातून बातम्या यायला लागल्या. कुणी धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच कोसळला, कुणाला दिसेनासं झालं, कुणाला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आमच्या मागच्या आळीतल्या एका माणसाला चारचौघांनी उचलून जीपमध्ये घातलं ते मी दारातून पाहिलं. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि त्याची बायको चपला न घालता जीपच्या मागं धावत होती. रात्री मी नवऱ्याला म्हणाले की तोंडाला फडकं बांधत जा. तो बांधतो म्हणाला. मला तेवढं पुरेसं वाटलं.

पोळा होऊन गेल्यावरची गोष्ट. दुपारी मी सदरा घालून लसूण सोलत बसले होते. फवारणी दुसऱ्या दिवशी सकाळी करायची ठरली होती, पण वारा पडला म्हणून आजच उरकायला नवरा अवचित घरी आला. तो मागच्या अंगणात गेल्याचा आवाज आला, मग दोरी ओढल्याचा, मग काहीच नाही.

"थो निळ्या रेघांचा सदरा कोठं गेला?" असं विचारत तो आत आला आणि मला पाहून उंबऱ्यातच थांबला.

आता हा माझी टिंगल करणार असं मला वाटलं. मी हसून म्हणाले की सदरा माझ्या अंगात आहे आणि आता तो काही परत मिळणार नाही.

तो हसला नाही. "काढ थो," तो म्हणाला. "पह्यले काढ. फवारणीचा हाये."

मी बटणाला हात लावेपर्यंत त्यानं पुढं येऊन सदरा दोन्ही हातांनी फाडला. बटणं लसणाच्या पाटीत पडली. त्यानं मला न्हाणीत नेलं, साबण हातात दिला आणि तो माझ्या अंगावर बादलीवर बादली ओतत राहिला. मी थंडीनं कुडकुडायला लागले तरी थांबेना. मी घाबरले होते ते सदऱ्यानं नाही, त्याच्या चेहऱ्यानं. मग त्यानं विचारलं, "कवापासून घालून राह्यली?"

श्रावण लागल्यापासून, मी म्हणाले. तो न्हाणीच्या पायरीवर बसला.

नंतर त्यानं सांगितलं ते असं. घरातला सगळ्यात जुना सदरा फवारणीला ठेवायचा, कारण तो खराब झाला तरी हळहळ नाही. त्याच्या आईनं तो वेगळ्या बादलीत धुवायचा आणि दोरीच्या टोकाला, इतर कपड्यांपासून लांब, वाळत घालायचा. गावात घरोघरी हीच रीत होती. लहानपणापासून ती पाहिलेल्या माणसांना ती वेगळी सांगावी असं कधी सुचलंच नव्हतं. आणि मला सगळ्यात मऊ कापड हवं होतं, ते नेमकं सगळ्यात जुनंच असणार. त्यानं सदऱ्याच्या चिंध्या काठीनं उचलून शेताच्या कोपऱ्यात पुरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुसरा एक जुना सदरा घेऊन फवारणीला गेला.

महागावच्या डॉक्टरीणबाईंना आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी औषधाचं नाव विचारलं, ते नवऱ्यानं सांगितलं. त्यांनी उलट्यांचं विचारलं, घामाचं, गरगरण्याचं विचारलं. मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. मग त्या म्हणाल्या की हे सगळं गरोदरपणातही होतं, आणि फवारणीच्या औषधानंही. तपासणी झाली. बाळाचे ठोके नीट होते.

"आज सगळं ठीक दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण बाळाला काही झालं नसेल, असं मी आत्ता सांगू शकत नाही. वाट बघायची."

वाट बघायची म्हणजे काय ते मला त्या हिवाळ्यात कळलं. सकाळी डोळे उघडले की पहिला हात पोटावर. बाळ हललं नाही तर मी मरते की काय असं व्हायचं, आणि जास्त हललं तर ते तडफडतंय असं वाटायचं. दोन्हीकडून भीतीच. नवऱ्यानं कुणाला सांगू नको म्हटलं होतं, म्हणून हे मनातच. जुन्या कापडाचा मला धसका बसला. गोधडी, पायपुसणं, स्वयंपाकाचं फडकं, जे हातात येईल ते मी आधी नाकाला लावायची. ज्या सिंथेटिक साड्यांना मी शिव्या घातल्या होत्या त्याच आता बऱ्या वाटायला लागल्या, कारण त्या दुकानातून आलेल्या होत्या आणि शेत त्यांनी पाहिलं नव्हतं.

पण अंग वाढत होतं, आणि त्या साड्यांत श्वास कोंडायचा. शेवटी पुढच्या तपासणीला महागावला गेलो तेव्हा मी कोरं सुती कापड घेतलं, पांढरं आणि फिकट पिवळं. फिकट अशासाठी की कशाचा डाग पडला तर लगेच दिसावा. बाजारातल्या शिंप्याला सांगितलं, पुरुषाचा सदरा शिवा, पण माझ्या मापाचा, गुडघ्यापर्यंत, कॉलर नको, बाजूला चिरा हव्यात, बटणं पुढं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. बटणं उजवीकडे लावू की डावीकडे, त्यानं विचारलं, कारण बायांची एकीकडे असतात आणि गड्यांची दुसरीकडे. कुठंही लावा, मी म्हणाले. मला तेव्हा रडू येत होतं आणि हा बाबा बटणांची बाजू विचारत होता.

कोरं कापड अंगाला टोचलं. मी स्वतःची बादली वेगळी केली, गरम पाण्यात ते पुन्हा पुन्हा पिळून काढलं, तेव्हा कुठं जरा सैलावलं. पहिल्यांदा तो सदरा आणि सलवार घालून मी दारात आले तेव्हा समोरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकीनं विचारलंही, "काहून वं, गडी झाली काय?" आधीची मी असती तर आत पळाली असती. मला काहीच वाटलं नाही. पोटातल्या भीतीनं माझ्याकडे लोकांना घाबरायला जागाच ठेवली नव्हती. हाताला मोकळीक, गळ्याला वारा, डाग लगेच दिसेल असा रंग, आणि धुणारी मीच. तेव्हा जे ठरलं ते आजवर बदललं नाही.

नवरा त्या महिन्यांत घरी येताना शेतातल्या विहिरीवर अंघोळ करूनच यायचा. कपडे तिथल्याच झोपडीत ठेवायचा. त्यानं आपली खाटही ओसरीवर नेली. मला जागा मोकळी मिळावी म्हणून, अशी माझी समजूत होती.

सातव्या महिन्यात सासूबाईंनी पेटी उघडली. आमच्याकडे बाळाला पहिल्यांदा कोरं कापड घालत नाहीत. झबली-टोपडी घरातल्या मोठ्यांच्या जुन्या मऊ कपड्यांतून शिवायची. कोऱ्या कापडानं दृष्ट लागते म्हणतात, आणि मऊ असतं हेही खरंच. सासूबाई उन्हात बसून नवऱ्याचे जुने सदरे आणि स्वतःची लुगडी उलगडत होत्या. कात्री हातात होती. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. श्रावणापासूनचं, डॉक्टरीणबाईंपर्यंतचं.

त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता एक सदरा बाजूला सारला. दुसरा सारला. मी म्हणाले, आई, तुमच्या लुगड्यातलं शिवा, तुम्ही कुठं फवारायला जाता. त्यांनी मांडीवरचं लुगडं उचललं आणि तेही त्या ढिगावर टाकलं.

"ड्रमात औषध कोण कालवते वं?" त्या म्हणाल्या. "मीच ना. हात याच लुगड्याले पुसते."

त्या पेटीत एकही जुनं कापड उरलं नाही. सासूबाई त्या ढिगाकडे बघत बसल्या आणि मला पहिल्यांदा त्या म्हाताऱ्या दिसल्या. कोऱ्या कापडाची त्यांना भीती, जुन्याची मला. दोघींनी मिळून शेवटी माझ्या आईला फोन लावला, आणि सासूबाईंनी स्वतः, आर्जवानं, माझ्या वडिलांचे जुने सदरे मागितले. कचेरीतले, पंख्याखाली बसून विरलेले. आईनं इस्त्री करून पाठवले. त्यातून सहा झबली झाली.

माघात यवतमाळला मुलगी झाली. ती रडली, मुठी वळल्या, उजेडाला डोळे मिचकावले. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि सगळं नीट आहे म्हणाले. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आई रागावली. मग मी रडले ते दुपारपर्यंत.

नवरा दुसऱ्या दिवशी आला. अंगात दुकानातून आणलेला कोरा सदरा, घड्यांच्या खुणा तशाच, केस ओले. तो खोलीच्या दारात उभा राहिला. आईनं दोनदा आत या म्हटलं तेव्हा आला, पण खाटेपासून हातभर लांब. आईनं बाळाला त्याच्याकडे धरलं. त्यानं दोन्ही हात मागं घेतले. फवारणी संपून तेव्हा काही महिने झाले होते. आई काही न समजून बाळाला माझ्याकडे देऊन बाहेर गेली.

"माह्या अंगाले वास येते काय अजून?" त्यानं हळूच विचारलं.

मी त्याचा हात ओढून नाकाशी नेला. साबणाचा वास होता. नाही येत, मी म्हणाले. तेव्हा मला उमगलं की तो सदरा या अंगानं माझ्याआधी किती हंगाम घातला होता, आणि डॉक्टरीणबाईंना आम्ही दोघांनीही त्याच्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. मला त्याची फार दया आली. मी बाळ उचललं. आणि त्याच्या हातात द्यायच्या आधी उशाशी घडी केलेला नवा टॉवेल घेऊन त्याच्या दोन्ही हातांवर पसरला. मुद्दाम केलं नाही. हात आपोआप गेला.

त्यानं टॉवेलकडे पाहिलं.

"बरं केलं," तो म्हणाला, आणि मुलीला टॉवेलवर झेलून, छातीपासून लांब धरून उभा राहिला.